दाभणमावशींची डाळिंबी गाठ

हातमोज्यांच्या त्या कारखान्यात सगळ्यांत उंच, सगळ्यांत ताठ आणि सगळ्यांत टोकदार बाई एकच, म्हणून तिचं नाव पडलं दाभणमावशी. दाभण म्हणजे जाड चामड्यातून आरपार जाणारी मोठी सुई. मावशींचं बोलणंही तसंच आरपार जायचं. हे नाव कुणी ठेवलं याचा तपास त्यांनी पहिली दोन-तीन वर्षं नेटाने केला. पुढे ते इतकं अंगाला बसलं की पोस्टमनसुद्धा खालून तीच हाक मारू लागला, तेव्हा मावशींनी तपास बंद केला आणि नाव ठेवून घेतलं.

कारखाना म्हणजे एका लांबट इमारतीचा वरचा मजला. अकरा शिलाई मशिनं, चामडं कापायचं एक मोठं टेबल, भिंतीला टांगलेले पुठ्ठ्याचे पंजे, आणि शेवटच्या खिडकीपाशी मावशींचं बाक. अडतीस वर्षं त्याच जागी बसल्यामुळे लाकडाला मध्ये खोलगट आकार आला होता. दुसरं कुणी बसलं की दोन मिनिटांत चुळबुळ करून उठायचं. "माझी बैठक आहे ती, तुला कशी मानवेल?" असं मावशी म्हणायच्या, आणि एखाद्या राणीने सिंहासनावर बसावं तशा परत जाऊन बसायच्या.

इथे कामाचे हातमोजे शिवत. वेल्डरचे कोपरापर्यंतचे, भट्टीवाल्यांचे दुपदरी, तारा ओढणाऱ्यांचे. मोठ्या मालकांनी, म्हणजे आताच्या धाकट्या मालकांच्या वडिलांनी, दोन रिती घालून दिल्या होत्या. पहिली अशी, की मोजा पुरा झाला की शेवटचा टाका घालणाऱ्याने मनगटाच्या आतल्या बाजूला आपल्या रंगाच्या दोऱ्याची एक बारीक गाठ मारायची. कुणाची हिरवी, कुणाची निळी, मावशींची डाळिंबी. मोजा उसवून परत आला की मोठे मालक मनगट उलटं करायचे, रंग बघायचे आणि मग त्या रंगाच्या माणसाकडे नुसतं बघत राहायचे. ओरडले असते तर बरं, असं ते बघणं. डाळिंबी गाठ अडतीस वर्षांत एकदाच परत आली, आणि त्या जोडावर कुत्र्याचे दात उमटलेले होते. "त्यानेसुद्धा चामडं फाडलं, शिवणीला हात लावला नाही," हे मावशी न विचारता सांगायच्या.

दुसरी रीत अशी, की नव्या नमुन्याचा पहिला जोड शिवणाऱ्याने स्वतःच्या हातात घालायचा आणि ज्या कामासाठी तो केला ते काम करून बघायचं. जमलं तरच गाठ. भट्टीचे मोजे आले तेव्हा मावशींनी तापलेली लोखंडी पट्टी धरून शिपायाला सेकंद मोजायला लावले होते. शिपाई घाबरून मध्येच आकडे विसरला आणि पुन्हा एकपासून सुरू झाला. मावशींनी पट्टी सोडली नाही.

अशा या बाईला अख्ख्या जगात एकाच वस्तूने कधी जुमानलं नाही. ती म्हणजे फोनची काच.

सुई ढकलून ढकलून मावशींच्या बोटांच्या टोकांना असे घट्टे पडले होते की काचेला त्यांचं बोट आणि बाटलीचं बूच यांत काही फरकच कळत नसे. घरी नवरा होता. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला, पण घरही अजून बससारखंच चालवणारा. जेवायला बसायच्या जागा ठरलेल्या, आणि पाहुणा उठला की "सावकाश, पायरी आहे." गल्लीत त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. संध्याकाळी लांबच्या शहरातून लेकीचा फोन यायचा. लेकीचा म्हणजे नातीचाच. नात पाच वर्षांची, आणि तिला आजी दिसल्याशिवाय जेवण जायचं नाही.

"अहो, वाजतोय."

"मग उचल की."

"उचलतेच आहे."

"अगं, दार ठोठावल्यासारखं काय करतेस? हलकं बोट फिरव."

"फिरवलं. उभं फिरवलं, आडवं फिरवलं, आता काय पिंगा घालू?"

मग साहेब सोफ्यावरून उठायचे, एका बोटाने फोन उचलायचे आणि म्हणायचे, "काच तुला माणसात धरत नाही, त्याला मी काय करू?"

एकदा साहेब अंघोळीला आणि फोन वाजतोय. मावशींनी दहाही बोटं लावून पाहिली. शेवटी चिडून फोन तोंडाजवळ नेला, त्याला दोन शब्द सुनवावेत म्हणून, आणि नाकाचा शेंडा काचेला लागला. फोन लगेच उचलला गेला. पलीकडे नातीला सगळ्या स्क्रीनभर दोन नाकपुड्या दिसल्या. ती इतकी हसली की हातातला घास खाली पडला. त्या दिवसापासून मावशी फोन नाकाने उचलू लागल्या, आणि नात रोज आईला विचारू लागली, "आजीचं नाक केव्हा येणार?"

हे कारखान्यात अर्थातच कुणाला ठाऊक नव्हतं. सिंहासनावरची माणसं असल्या गोष्टी बाहेर सांगत नाहीत.

आणि नेमकी तीच काच एके दिवशी जिना चढून कारखान्यात आली.

धाकटे मालक सकाळीच एक रीळ घेऊन आले. राखाडी, किंचित चमकणारा दोरा. शहराबाहेर दगडी लाद्यांचं आवार होतं. तिथे प्रत्येक लादी क्रेनवर चढली की खांबावरच्या स्क्रीनला बोट लावून तिची नोंद करायची. त्यासाठी माणसांनी मोजे काढायचे, बोट लावायचं, परत मोजे घालायचे. घाईत लोक घालायचं विसरत आणि बोटं चेंगरत. म्हणून आवाराला असे मोजे हवे होते की जे न काढताच स्क्रीन चालेल.

"चामडं मध्ये आलं की काचेला बोट कळत नाही," मालक समजावत होते. "हा दोरा बोटाची खबर काचेपर्यंत पोचवतो. अंगठ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या टोकाला याची दाट जाळी विणायची. बास. पहिले चाळीस जोड शनिवारी न्यायचेत."

मावशींनी पहिला जोड दुपारपर्यंत उभा केला. जाळी अशी सुबक की बाकीच्या बायका कामं सोडून बघायला आल्या. ऑफिसातली मुलगी तपासायला आली. दिवसातून सहा वेळा हाताला लोशन चोळायची म्हणून तिला सगळ्याजणी लोशनताई म्हणत, तिच्यासमोरसुद्धा. तिने मोजा घातला, टॅबवर बोट टेकवलं आणि टॅब टुणकन बोलला.

"फर्स्टक्लास, मावशी. मारा गाठ."

"थांब. रीत आहे." मावशींनी मोजा घातला आणि बोट टेकवलं.

टॅब गप्प.

त्यांनी जरा दाबून लावलं. मग अंगठा लावला. मग त्याच जोडीतला दुसऱ्या हाताचा मोजा घातला. सभोवती अकरा मशिनं एकेक करून थांबत गेली. इतकी शांतता त्या मजल्यावर फक्त मोठे मालक गेले त्या दिवशी झाली होती.

"मोजा चालत नाही," मावशी म्हणाल्या.

"चालतो की, मावशी. हे बघा." लोशनताईने पुन्हा लावलं. टुण. धाकट्या मालकांनी लावलं. टुण. शिपायाने स्वतःहून येऊन लावलं. टुण, आणि वर तो मावशींकडे बघून हसला. पट्टीचा सूड त्याने चौदा वर्षांनी घेतला.

"सगळ्यांना चालतोय, मावशी," मालक म्हणाले.

"मला चालत नाही. मी गाठ मारणार नाही."

मालकांनी त्यांना खिडकीपाशी बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. लहानपणी याच बाकाखाली चामड्याचे तुकडे गोळा करत रांगलेला. म्हणूनच त्याला बोलायला जड जात होतं.

"मावशी, राग मानू नका. मोजा ठीक आहे. तुमची बोटं आता... थकलीत. वय सगळ्यांना होतं. सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसता का? खुर्ची आहे, पंखा आहे, जोड लावायचे, पिशवीत घालायचे. हे बाक दुसरं कुणीतरी सांभाळेल."

मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या, त्यांना त्या नीट टाचून लावलेल्या नाहीत असं वाटलं.

"शनिवारी आवारात कोण जाणार?"

"मी."

"मीही येते. तिथल्या माणसांच्या हातात चालले, तर सोमवारी न सांगता पॅकिंगला बसेन. आणि नाही चालले, तर?"

"चालणारच, मावशी."

"मी काय विचारलं?"

"नाही चालले, तर बाक तुमचं. तुम्ही म्हणाल तोवर."

चाळीस जोड शिवून झाले. एकोणतीसांना हिरव्या-निळ्या गाठी पडल्या. मावशींचे अकरा बिनगाठीचेच पिशवीत गेले.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी एक जोड घरी नेला. साहेबांनी घातला, फोनला लावला आणि अख्खी बातमीपत्रं भराभर सरकवून दाखवली.

"झकास चालतोय गं. तुझं काहीतरी चुकतंय."

"तीस वर्षं चाक धरलेले हात ना तुमचे? घट्टे कुठे गेले?"

साहेबांनी तळवे उलटसुलट केले. "सात वर्षं झाली निवृत्त होऊन. आता रिमोट धरतो."

मावशींनी टोपात कोमट पाणी घेतलं आणि बोटं बुडवून बसल्या.

"भिजत घातलीस? उद्यापर्यंत मोड येतील."

त्या हसल्या नाहीत. हे साहेबांच्या लक्षात आलं. ते उठले, तेलाची बाटली घेऊन आले आणि समोर बसून त्यांचं एकेक बोट चोळू लागले. बराच वेळ चोळत होते. मग म्हणाले, "या बोटांनी माझ्या युनिफॉर्मची बटणं लावलीत तू. तीस वर्षांत एक तुटलं नाही. फोनला काय कळतंय त्यातलं."

"पॅकिंगला बसवणार आहेत मला."

"पंखा आहे का तिथे?"

"आहे."

"मग वाईटच," साहेब म्हणाले. "पंख्याखाली माणूस एकदा बसला की उठत नाही. माझ्याकडे बघ."

आता मात्र त्या हसल्या. पण पाण्याचा आणि तेलाचा उपयोग शून्य. सकाळी काच होती तशीच ढिम्म.

आवारात सगळं पांढरं होतं. जमीन, झाडं, माणसांच्या भुवया. करवतींच्या धुळीने हवासुद्धा पिठूळ झालेली. मुकादम म्हणजे आवाजाचा माणूस, क्रेनच्या आवाजावर मात करत आयुष्य गेलेलं, त्यामुळे "या, बसा" हेसुद्धा तो दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणायचा.

पहिल्यांदा मोजे त्याच्या ऑफिसातल्या कारकुनाने घातले. टुण, टुण, टुण. धाकट्या मालकांचा चेहरा उजळला. मावशींनी पर्स मांडीवर घट्ट धरली. पॅकिंगच्या खुर्चीला हात आहेत की नाहीत, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"हे कारकून लाद्या उचलतात का?" त्यांनी विचारलं.

"हे? हे पेन उचलतात," मुकादम गरजला. "तेही कधीमधी."

"मग जे उचलतात त्यांना बोलवा ना."

मुकादमाने हाक मारली आणि क्रेनखालून चारजण आले. पुढे होता त्याला पैलवान म्हणत. अर्थात तो काडीसारखा बारीक होता. त्याने मोजा घातला, मूठ उघडझाप करून बघितली, "बसतो छान" म्हणाला, खांबापाशी गेला आणि बोट टेकवलं.

स्क्रीन गप्प.

त्याने पुन्हा टेकवलं. मग अंगठ्याने प्रयत्न केला. मग त्याने मागे वळून मुकादमाकडे अपराध्यासारखं पाहिलं.

"माझं ऐकत नाही."

दुसऱ्याने लावलं. नाही. तिसऱ्याचं नाही, चौथ्याचं नाही. धाकट्या मालकांनी मोजा काढून घेतला, स्वतः घातला, लावला. टुण. परत पैलवानाच्या हातात. नाही.

मावशी उठून खांबापाशी गेल्या. "मोजा काढ रे. नुसत्या बोटाने कर बघू."

पैलवानाने नुसतं बोट लावलं. स्क्रीन गप्पच.

"म्हणजे?" मुकादमाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सहा महिने झाले हा स्क्रीन लावून. रोज शंभर-शंभर लाद्यांच्या नोंदी होतात. त्या कोण करतं?"

चौघेही एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले. मावशींनी स्क्रीनकडे नीट पाहिलं. खांब छातीइतका उंच. सगळी काच धुळीने पांढरी, फक्त मधोमध, जिथे नोंदीचं बटण येतं तिथे, पुसट तेलकट ठिपक्यांचा थर. गोल, बटाट्यासारखे ठिपके. बोटाचे नव्हेत. असले ठिपके त्या आपल्या घरच्या फोनवरून रोज सकाळी पदराने पुसत होत्या.

"नाक," मावशी म्हणाल्या.

पैलवानाची मान आणखी खाली गेली.

"नाकाने करता ना रे तुम्ही?"

"काय करणार," पैलवान पुटपुटला. "पहिल्या आठवड्यातच माझं बोट चालेना. म्हटलं, आपली बोटं गेली, आता कळलं तर गेटवर पावत्या फाडायला बसवतील. एकदा घाम पुसताना नाक लागलं आणि चाललं. मग कुणी बघत असेल तर मोजा काढून बोट लावल्यासारखं करायचो, आणि नजर चुकली की वाकायचो."

"मला वाटलं माझंच एकट्याचं," दुसरा म्हणाला.

"मी तर याला वाकताना बघितलं," तिसरा म्हणाला, "तेव्हा वाटलं, नमस्कार करतोय. म्हटलं, भला माणूस आहे."

हसायला सुरुवात मावशींनी केली. अशा हसल्या की पर्स खाली पडली. मुकादम हसला तेव्हा करवतवाल्यांनी दचकून मशिनं थांबवली. फक्त धाकटे मालक हसत नव्हते. लोशनताई, शिपाई, कारकून आणि ते स्वतः, ज्या हातांना हे मोजे कधीच घालायचे नव्हते त्या सगळ्यांनी ते पास केले होते. ज्या एका हाताने नापास केले, त्याला त्यांनी पंख्याखाली बसवायला काढलं होतं.

मावशींनी डोळे पुसले आणि पैलवानाचा हात हातात घेतला. चामड्याचा नवा तुकडा तपासावा तसा त्यांनी तो उलटासुलटा केला, अंगठ्याने दाबत गेल्या. टोकं दगड झालेली. पेरंही तशीच. नाक का चालतं? मऊ असतं म्हणून. मग या हातावर नाकासारखी जागा कुठे राहिली आहे? तळवा नाही. त्यांनी दोन बोटं फाकवली आणि बेचक्यात, जिथे बोटाला बोट मिळतं तिथे, अंगठा फिरवला. तिथे ना दगड लागतो, ना सुई. तिथली कातडी लहान मुलाच्या गालासारखी होती.

"गुदगुल्या होतात, मावशी," पैलवान म्हणाला.

"होऊ देत. याचाच अर्थ जिवंत आहे."

त्या एका लादीवर बसल्या. पदराला टोचलेली सुई काढली, पर्समधून राखाडी दोरा काढला आणि मोज्याचं बोट उलटं केलं. टोकाच्या जाळीपासून दोरा आतून, बोटाच्या कडेने, बारीक टाके घालत खाली बेचक्यापर्यंत आणला आणि तिथे चार वेढ्यांची मऊ गादी केली. अंगठ्यालाही तसंच. क्रेन थांबलेली, सगळे उभे. धाकटे मालक त्यांच्यावर सावली पडेल असे उन्हात जाऊन उभे राहिले. न सांगता.

"घाल."

पैलवानाने घातला. बोट टेकवलं.

टुण.

तो इतका खूश झाला की त्याने आणखी चारदा टेकवलं.

"अरे पुरे," मुकादम ओरडला. "न उचललेल्या पाच लाद्या चढवल्यास तू क्रेनवर. त्या आता रद्द कोण करणार?"

"मी करतो ना," पैलवान म्हणाला, आणि सवयीने नाक घेऊन वाकला.

मावशींनी मोजा परत मागून घेतला. स्वतःच्या हातात चढवला, खांबापाशी गेल्या आणि बोट ठेवलं. स्क्रीन बोलला. त्यांनी मोजा काढला, मनगट उलटं केलं आणि डाळिंबी दोऱ्याची एक बारीक गाठ मारली. दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

"बाकीचे एकोणचाळीस उसवायचेत," त्या मालकांना म्हणाल्या. "हिरवे-निळे सगळे. सोमवारी सकाळी सगळ्याजणींना मी दाखवते कसं करायचं ते."

परतीच्या वाटेवर मावशींनी गाडीतच पुन्हा सुई-दोरा काढला. चारचौघांत मावशी धाकट्या मालकांना अहोजाहो करत; गाडीत दोघंच होते.

"मग सोमवारी पॅकिंगला कोण बसणार, ठरवलंस का?"

"मीच बसतो, मावशी."

"बस. पंखा आहे तिथे." मग जरा वेळाने, "बसण्याआधी हात दाखव. पिशवीला घडी नीट घालता येते का तुला, बघावं लागेल."

संध्याकाळी साहेब दारातच उभे होते. विचारलं काही नाही. मावशींच्या जिना चढण्यावरूनच त्यांनी निकाल ओळखला आणि सोफ्यावर जाऊन बसले, जणू सकाळपासून तिथेच होते. टीपॉयवर मावशींनी पर्समधून एक जोड काढून ठेवला. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी आपल्या मापाच्या एका जोडालाही तशीच गादी करून गाठ मारली होती.

फोन वाजला. साहेब उठू लागले.

"बसा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी मोजा घातला. दगड उचलायचा तो जाडजूड मोजा, आत डाळिंबी गाठ. रंगमंचाच्या मधोमध यावं तशा दोन पावलं पुढे आल्या आणि एका बोटाने, हलकेच, फोन उचलला. स्क्रीनवर नात आली. समोर आजी, अख्खी, कपाळापासून हनुवटीपर्यंत, विंचरलेल्या केसांसकट.

नात बघत राहिली. तिने मान तिरकी करून मागेपुढे शोधलं. मग तिचा ओठ बाहेर आला.

"नाक कुठंय?"

"अगं, हे काय, इथेच आहे."

"असं नाही. मोठं नाक. मी नाही जेवणार."

मावशींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते, पण त्यांचं पोट हलत होतं.

"बरं," मावशी म्हणाल्या, "ठेव फोन. परत कर."

फोन बंद झाला. त्यांनी मोजा काढला, जोडीला लावला, घडी घालून नीट बाजूला ठेवला. पदराने काच पुसली. फोन वाजू लागला तसा त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि नाक पुढे केलं.